शेवट माहीत असूनही पाहिलेले थरारपट, भयपट, विज्ञानपट : तुमचा अनुभव काय?

मी चित्रपटांची जाणकार वगैरे अजिबात नाही. संकलन, प्रकाशयोजना यातलं मला ओ की ठो कळत नाही. पडद्यावर चाललंय त्यात जीव रमला तर बसते, नाही रमला तर उठून कामाला लागते. पण खुनाच्या तपासाचे, भुताखेतांचे आणि अंतराळ-कालप्रवासाचे असे तीन प्रकार समोर आले की काम बाजूला राहतं. आणि नेमका याच तीन प्रकारांचा शेवट कुणीतरी आगाऊपणाने फोडलेला असतो.

'द सिक्स्थ सेन्स' (१९९९) माझ्या बाबतीत असाच फुटला. तो डॉक्टर स्वतःच मेलेला आहे, हे मैत्रिणीने बोलता बोलता सांगून टाकलं. (ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी आता मला खुशाल शिव्या घाला. धाग्याचा विषयच असा आहे की इथून पुढे सगळीकडे रहस्यभेद असणार, तेव्हा जपून वाचा.) मी धुसफुसतच पाहायला बसले आणि मला भलताच चित्रपट दिसायला लागला. लग्नाच्या वाढदिवशी तो हॉटेलात उशिरा पोचतो, बायकोसमोर बसून सारवासारव करतो. ती त्याच्याकडे बघत नाही. बिल येतं, तो हात पुढे करतो, तेवढ्यात ती ते ओढून घेते. शेवट माहीत नसलेल्याला वाटतं, बाई रुसलीये. मला दिसत होती ती एकटीच जेवायला आलेली विधवा. पुढे तो ज्याच्यावर उपचार करतोय त्या लहान मुलाच्या घरी त्याची आई आणि हा डॉक्टर समोरासमोर खुर्च्यांत बसलेत, मुलगा बाहेरून येतो. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत, तरी पहिल्यांदा बघणारा स्वतःच ठरवून टाकतो की आत्ताच यांचं बोलणं झालं असणार. दिग्दर्शक श्यामलनने लबाडी कुठेच केलेली नाही, सगळं उघड्यावर मांडून ठेवलंय.

तर सांगा, शेवट आधी कळलेला असताना किंवा दुसऱ्यांदा पाहताना कुठला चित्रपट टिकला आणि कुठला साफ आपटला? भीती वाटली का? समीक्षा नको, आपापला अनुभव हवा.

*

छान विषय. रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याचं ते टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. दोन माणसं टेबलाशी बसून गप्पा मारताहेत आणि एकदम स्फोट झाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद हादरतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवून ठेवला, तर त्याच फुटकळ गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. म्हणजे या बाबाच्या मते प्रेक्षकाला आधी सांगून ठेवणं यातच खरा थरार. आणि 'सायको'च्या (१९६०) वेळी हाच बाबा 'चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही' असा नियम करून बसला होता!

मी 'सायको' पाहिला तेव्हा न्हाणीघरातला खून मला ठाऊक होता. कुणाला नसतो? जेमतेम पाऊण मिनिटाचा तो भाग. तो आला आणि गेला. मला खिळवून ठेवलं त्याच्या नंतरच्या साफसफाईने. मोटेल चालवणारा नॉर्मन फरशी पुसतो, हात धुतो, मेलेल्या बाईचं सामान गोळा करतो, मृतदेह गाडीच्या डिकीत टाकतो. कुणी काही बोलत नाही. मग गाडी दलदलीत ढकलतो. ती बुडत जाते आणि मध्येच अडकते. नॉर्मन टकामका बघतोय, आणि मी मनात म्हणतोय, बुड की एकदाची! खुनी त्याची आई नसून हाच आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं, तरीही. शेवट माहीत नसता तर मी एका आईवेड्या गरीब पोराच्या बाजूने होतो असं म्हणून सुटलो असतो.

*

वरच्या प्रतिसादात एक भर. त्या खुनाच्या प्रसंगाला हिचकॉकला संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही तंतुवाद्यांचा तो किंचाळणारा तुकडा करून ऐकवला आणि हिचकॉकने मत बदललं. आख्ख्या चित्रपटाला फक्त तंतुवाद्यं आहेत. आवाज पूर्ण बंद करून तो भाग पाहून बघा, न्हाणीघराचा पडदा आणि पाण्याचा फवारा एवढंच उरतं.

मी बरेच भयपट असेच बघतो, बोट कायम आवाजाच्या बटणावर. भीती निम्म्याहून जास्त कानातून येते असं माझं मत झालंय. दचकवण्याचं तंत्र तर फार जुनं. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी चाललीये, मागे कुणीतरी आहे असं वाटतंय, पावलं भराभर पडताहेत, आणि फस्सकन आवाज करत चौकटीत घुसते ती चक्क बस. निर्माता व्हॅल ल्यूटन, म्हणून जाणकार मंडळी या युक्तीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. हल्ली दर दहा मिनिटांनी एक बस सोडतात. कपाटाचं दार लावलं की मागे माणूस, आरशात बघितलं की मागे माणूस. दुसऱ्यांदा पाहताना असले चित्रपट शून्य होतात, कारण बस कधी येणार हे माहीत असलं की मागे उरतो तो नुसता स्टॉप.

*

मी उलट्या जातीची. भुताचे चित्रपट झेपत नाहीत पण बघायचे तर असतात. म्हणून आधी विकिपीडियावर कथानक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, कोण कितव्या क्रमांकाने मरतो ते पाठ करते, आणि मग बघते. नवरा म्हणतो, मग बघतेस कशाला? त्याला कसं सांगायचं की मला काय होणार याची भीती नसतेच, कधी होणार याची असते. तेवढं एक ओझं उतरलं की मी बाकीचं नीट बघू शकते, कपडे, घर, त्या बायकांचे चेहरे. त्याला आठवतही नाहीत अशा गोष्टी मला आठवतात, कारण त्याचे डोळे निम्मा वेळ मिटलेले.

आणि माझ्या बाजूने शास्त्र पण आहे बरं का. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. ज्यांना शेवट माहीत होता त्यांना कथा जास्त आवडल्या!

*

ताई, तो प्रयोग वाचायच्या कथांवर होता, आणि नंतरच्या काही अभ्यासांत निकाल उलटेही आलेत. 'शास्त्र सांगतं' म्हणून माझ्यासमोर शेवट फोडणाऱ्या एका मित्राशी मी काही दिवस बोलत नव्हतो. तुम्ही स्वतःहून वाचता तो तुमचा हक्क, पण दुसऱ्याने न विचारता सांगणं हा गुन्हाच.

त्याहून मोठे गुन्हेगार म्हणजे ट्रेलर कापणारे. अडीच मिनिटांत आख्खा चित्रपट, वर शेवटची मारामारीसुद्धा.

*

'दृश्यम'. मल्याळम (२०१३) आधी पाहिला होता, त्यामुळे निशिकांत कामतने केलेला हिंदी (२०१५) पाहताना मृतदेह कुठे आहे हे मला माहीत होतं. घरचे बाकी सगळे कोरे. मला त्यांच्याकडे बघण्यातच अर्धी मजा आली, पण खरी मजा वेगळीच निघाली.

पहिल्या वेळी आपण 'पकडले जाणार का' एवढंच बघत असतो. दुसऱ्या वेळी तो माणूस काम कसं करतो ते दिसतं. घरच्यांच्या हातून झालेला खून लपवणारा विजय साळगावकर बाहेरच्या कुणालाच खोटं बोलायला शिकवत नाही. बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरमधला प्रोजेक्टर चालवणारा, सगळे खरंच बोलताहेत. हे कुटुंब त्यांनी पाहिलंय, अगदी डोळ्यांनी पाहिलंय, फक्त तारीख चुकलीये. नंतर पुन्हा जाऊन, सहज गप्पा मारत, 'आम्ही दोन तारखेला आलो होतो ना' असं तो त्यांच्या डोक्यात रुजवत जातो. बोलताना जराही घाई नाही, चेहऱ्यावर काही नाही. पोलिसी खाक्यासमोर खोटा साक्षीदार फुटला असता. ज्याला आपण खरं बोलतोय अशी खात्री आहे तो कसा फुटणार? आणि मृतदेह ज्याच्याखाली आहे ते नवं पोलीस ठाणं बांधलं जातंय हे तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललेलं असतं.

बाकी यातला खून कुणी केला हे अर्ध्याच्या आत प्रेक्षकाला माहीत असतं. वर म्हटलंय तो टेबलाखालचा बॉम्बच हा.

*

'कौन' (१९९९). एक घर, तीन माणसं, गाणी नाहीत. ज्यांनी एकदाच पाहिलाय त्यांनी कृपा करून परत पाहा, आणि या वेळी फक्त ऊर्मिला मातोंडकरच्या डोळ्यांकडे बघा. पहिल्यांदा दिसते ती घाबरलेली, एकटी पोरगी. दार उघडू का नको, फोन लावू का नको. खुनी तीच आहे हा शेवट कळल्यावर तीच थरथर, तेच ओठ चावणं बघितलं तर पोटात गोळा येतो, कारण ती घाबरलेली आहे हे तेव्हाही खरंच असतं. म्हणजे अभिनय दोन्ही बाजूंनी खरा. मनोज बाजपेयीचं ते चिकट, दारातून न हलणारं 'मॅडम, मॅडम' पहिल्यांदा अंगावर येतं, दुसऱ्यांदा त्याची कीव येते.

मला चीड येते ती दुसऱ्या प्रकारची. दोन तास तपास, संशयित, धागेदोरे, आणि शेवटी काय, तर सगळं नायकाच्या डोक्यात घडलं. किंवा जुळा भाऊ. किंवा ज्याचं नावसुद्धा आधी आलं नाही असा कुणीतरी खुनी. असले चित्रपट शेवट न कळता पाहिले तरी फुसके, कळून पाहिले तर मग विचारूच नका.

*

विज्ञानपटांवर अजून कुणी आलं नाही म्हणून लिहितोय. 'इंटरस्टेलर' (२०१४) पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी गणितात अडकलो होतो. कृष्णविवराजवळच्या त्या पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं, हे कसं शक्य आहे? किप थॉर्न हा खरा भौतिकशास्त्रज्ञ सल्लागार होता (२०१७ चं नोबेल मिळालेल्यांपैकी एक), त्यामुळे फेकाफेकी नसणार एवढी खात्री होती. कृष्णविवर एवढ्या प्रचंड वेगाने फिरणारं धरलं की हे गणित बसतं म्हणे. चित्रपटातलं ते तेजस्वी कड्याचं विवरही समीकरणांवरून काढलेलं. २०१९ मध्ये एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराची खरी प्रतिमा आली तेव्हा सगळ्यांना तेच आठवलं.

दुसऱ्यांदा पाहिला तोपर्यंत मला मुलगी झाली होती. यानात परत आल्यावर नायक कूपर तेवीस वर्षांचे साठलेले निरोप लावतो. मुलगा पडद्यावर मोठा होतो, लग्न करतो, बापाची आशा सोडतो. बाप तिथे बसून रडतोय आणि काहीही बोलू शकत नाही, कारण ते नुसते निरोप आहेत, समोर कुणी नाही. पुढे काय होतं हे मला सगळं माहीत होतं. काही उपयोग झाला नाही. शेवटचा पुस्तकांच्या कपाटामागचा भाग मात्र पहिल्यांदाही पटला नव्हता आणि दुसऱ्यांदाही नाही.

*

विज्ञानपट दुसऱ्यांदा पाहण्याचा तोटाच जास्त, कारण पहिल्या वेळी धावपळीत निसटलेल्या चुका दिसायला लागतात. 'ग्रॅव्हिटी' (२०१३) मी थिएटरात श्वास रोखून पाहिला. नंतर घरी पाहताना डोक्यातला आगाऊ माणूस जागा झाला. हबल दुर्बीण सुमारे ५४० किलोमीटरवर, अंतराळ स्थानक सुमारे ४०० वर, आणि दोघांच्या कक्षांचा विषुववृत्ताशी कोनच वेगळा, एकीचा साडेअठ्ठावीस अंश, दुसरीचा जवळपास बावन्न. पाठीवरच्या छोट्या यंत्राने इकडून तिकडे जाणं कसं जमणार? आणि जॉर्ज क्लूनी दोरी सोडतो तो प्रसंग! दोघं थांबलेत, मग त्याला ओढतंय कोण? एक हलका हिसका दिला असता तर तो सँड्रा बुलककडे आला असता.

'द मार्शन' (२०१५) मध्ये तर सगळी गोष्टच वादळाने सुरू होते, आणि मंगळाचं वातावरण पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का. तिथलं वादळ धूळ डोळ्यांत घालेल, यान नाही पाडणार. पण हा चित्रपट मी कितीही वेळा बघू शकतो. एकदा तेवढं वादळ पदरात घेतलं की पुढे माणूस डोकं चालवून एकेक अडचण सोडवत जातो, आणि ते बघायला शेवट माहीत असण्या-नसण्याने फरक पडत नाही.

*

तुम्ही लोक फार चिरफाड करता बुवा. क्लूनीने दोरी सोडली तेव्हा मी रडले होते, आता तुम्ही ते पण घालवलंत.

*

कुठे बघतो यावरही बरंच आहे. 'अ क्वाएट प्लेस' (२०१८) भरलेल्या थिएटरात पाहिला. आवाज केला की मरण, त्यामुळे पडद्यावरचं कुटुंब खुणांच्या भाषेत बोलतं, वाळूवरून अनवाणी चालतं. थोड्याच वेळात थिएटरात कुणी खोकेना. पुढच्या रांगेतल्या माणसाने खुर्चीत कूस बदलली तर चार जणांनी वळून बघितलं. जिन्यातला तो वर आलेला खिळा दिसल्यावर एकजात सगळ्यांनी पाय आखडून घेतले असणार.

मोबाईलवर परत लावला, मध्ये तीनदा फोन आला, संपवलाच नाही.

*

लहानपणचं कुणी लिहिलं नाही का? 'झपाटलेला' (१९९३) हा विनोदी चित्रपट आहे हे मला मोठं झाल्यावर कळलं. तात्या विंचूने आमच्या पिढीची झोप उडवली होती. घरातली बहिणीची बाहुली मी रात्री भिंतीकडे तोंड करून ठेवायचो, आणि सकाळी ती तशीच आहे ना हे आधी तपासायचो. आता भाच्याबरोबर पाहिला. तो लक्ष्याला बघून गडाबडा लोळतोय, आणि मी मात्र बाहुला मान वळवतो तिथे अजूनही सावरून बसतो. रामदास पाध्यांनी तो बाहुला हलवलाय हे माहीत आहे, त्यांना कार्यक्रमात हसतमुखाने बोलताना पाहिलंय. डोक्याला पटतं, मानेवरच्या केसांना पटत नाही.

*

'तुंबाड'चं (२०१८) नाव कसं नाही आलं अजून? पहिल्यांदा आला तेव्हा फार कुणी पाहिला नाही. २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. गोष्ट तोपर्यंत जगजाहीर झाली होती, तरी लोक गेले. तुमच्या प्रश्नाचं यापेक्षा चांगलं उत्तर काय असणार!

मला पहिल्यांदा हस्तरची, म्हणजे त्यातल्या सोन्याच्या हावरट देवाची भीती वाटली, साहजिक आहे. दुसऱ्यांदा हस्तर बाजूला पडला. नायक विनायक विहिरीत उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, आत बसतो आणि पिठाची बाहुली पुढे करतो. या सगळ्यात सराव आहे, रोजच्या कामाचा सराव. हस्तर बाहुलीत गुंतला की त्याच्या लंगोटातून मोहरा ओरबाडायच्या आणि दोर धरून वर. मग तो हेच आपल्या लहान पोराला शिकवतो. पोरगं बापापेक्षा हावरट निघतं आणि म्हणतं, सगळा लंगोटच आणू की! पुढे काय होणार हे माहीत असताना ते वाक्य ऐकलं तेव्हा जो काटा आला, तो पहिल्या वेळी आला नव्हता. जास्त बाहुल्या नेल्या की जास्त हस्तर येणार, इतकं साधं गणित. बापाला सुचत नाही, कारण हिशोब मोहरांचा चाललाय.

*

विज्ञानपटांत एक गंमत अशी की कधीकधी शेवट काळच फोडतो. 'ब्लेड रनर' (१९८२) घडतो नोव्हेंबर २०१९ मध्ये. उडत्या गाड्या, माणसासारखे यंत्रमानव, सतत पाऊस. मी तो महिना मुद्दाम साधून पाहिला आणि खिडकीतून बाहेर डोकावलो, गाड्या आपल्या जमिनीवरच. '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) मधलं चंद्रावरचं वसतिस्थान २००१ मध्ये झालं नाही आणि अजूनही नाही. पण त्यातले अंतराळवीर जेवताना टेबलावरच्या चपट्या पाटीवर बातम्या बघतात, तो प्रसंग आज बघताना हात आपोआप आपल्या पाटीकडे जातो. आणि हॅल. शांत आवाजात, अदबीने 'ते मला करता येणार नाही' म्हणणारा संगणक १९६८ च्या प्रेक्षकाला कल्पना वाटला असेल, मला तो रोजच्या ओळखीचा वाटला. भविष्य चुकलं तरी चित्रपट शिळा झाला नाही, हे विशेष. अंतराळात आवाज नाही, फक्त हेल्मेटमधला श्वास, हे तेव्हा त्यांनी पाळलं, आणि आजचे कित्येक चित्रपट अजूनही निर्वात पोकळीत धडाडधूम स्फोट वाजवतात.

*

'अंधाधुन' (२०१८) चं काय करायचं? शेवट पाहिलाय, पुन्हा पाहिलाय, तरी 'शेवट माहीत आहे' असं म्हणता येत नाही. त्यातला पियानोवादक आकाश आंधळा आहे की नाही? शेवटी काठीने रस्त्यातला डबा बरोब्बर उडवतो, म्हणजे दिसतंय. म्हणजे राधिका आपटेला सांगितलेली गोष्ट खोटी. सशाने काच फोडली आणि गाडी उलटली म्हणे!

*

खोटी कशावरून? ससा चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात आहे, कोबीच्या शेतात, मागे बंदूकवाला शेतकरी. एका डोळ्याने अधू ससा. तो प्रसंग आकाशने पाहिलेलाच नाही, मग त्याला ससा सुचला कसा?

*

त्याच्या काठीची मूठ सशाच्या तोंडाची आहे, नीट बघा. समोर धरलेली काठी, त्यावरून जुळवली गोष्ट. आणि त्याला तब्बूचे डोळे बसवून देणार होता त्या डॉक्टरचं नाव तो किती चटकन बाजूला करतो ते ऐका. माझ्या मते डोळे त्याने घेतलेत, तब्बूचेच, आणि हे मी कुणाशीही वाद घालून सिद्ध करायला तयार आहे.